मंडळांनो, रंगमंच एकच करा, पण फिरता करा

भाईंदर पूर्वेतल्या गणेशोत्सव आणि नवरात्र मंडळांना विनंती आहे. दर उत्सवाला स्टेजचे भाडे भरायचे आणि विसर्जनानंतर हाती काहीच उरायचे नाही, हे थांबवूया. चार-पाच मंडळांनी वर्गणी काढून सुट्या भागांचा एकच रंगमंच करून घ्यावा. आज गोडदेव, उद्या खारीगाव, परवा नवघर.

यात नवे काही नाही. नारायणगावचे तमाशा फड रंगमंच, कनाती, दिवे गाड्यांवर लादून गावोगावच्या जत्रा करतात. दशावताराचे तर एका बाकड्यावर भागते. तेव्हा आकाराचा हव्यास नको. 16 बाय 12 फूट जागा एकांकिकेला, भजनाला, लावणीला पुरते.

त्यासाठी 4 बाय 4 फुटांचे 12 तुकडे करा. 19 मिलिमीटर जाडीच्या वॉटरप्रूफ प्लायवूडचे 8 बाय 4 फुटांच्या 6 शीट त्याला पुरतात. खाली चौकोनी लोखंडी पाइपची चौकट द्या. प्रत्येक तुकड्याचे दोघांना उचलता येईल इतकेच वजन ठेवा, म्हणजे सगळा संच एका ‘छोटा हत्ती’ टेम्पोत जाईल. जेसल पार्ककडून खाडीचा खारा वारा येतो, म्हणून लोखंड गॅल्व्हनाइज करून घ्या. नुसता रंग टिकणार नाही.

गल्ली कधीच सपाट नसते. पायांना खाली-वर होणारे स्क्रू लावा. प्रेक्षक सतरंजीवर बसणार असतील तर अडीच फूट उंची पुरे. नाचाच्या ठेक्याने मंच डोलतो, त्यामुळे पायांमध्ये तिरपे टेकू हवेतच. दर चौरस मीटरला 500 किलो भार धरून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून आराखडा तपासून घ्या. तुकडे एकमेकांना क्लॅम्पने घट्ट जोडा. फटीत पाय अडकला की नाचणाऱ्याचा घोटा जातो.

मागे सलग फ्लेक्स ताणू नका. वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि खांबासकट कोसळू शकतो. जाळीचे कापड लावा. विजेला अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय माइक सुरू करू नका. पालिका आणि पोलिसांची परवानगी आधीच घ्या, रुग्णवाहिकेला वाट सोडा आणि रात्री 10 ला ध्वनिक्षेपक बंद करा.

रंगमंच कुठे ठेवायचा, मोडतोड कोणी भरायची, हे पहिल्याच बैठकीत लिहून काढा. भांडणे तिथेच होतात.

यंदाचा हिशेब मांडाल तेव्हा स्टेजच्या भाड्याचा आकडा वेगळा काढा, शेजारच्या मंडळाला दाखवा आणि बैठकीची तारीख ठरवा.