घरकामाच्या बाईकडून काय मागावे, काय मागू नये

आपल्या वयाची चार माणसे एकत्र बसली की दोन विषय हमखास निघतात: गुडघे आणि ओझेरेत. गुडघ्यांचे सर्वांना ठाऊक आहे. पण पैसे घेऊन घर साफ करायला येणाऱ्या बाईबद्दल आरोग्याच्या पानावर कशाला लिहायचे, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. ज्या घरात ही बाई टिकत नाही, त्या घरातले पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांचे माणूस स्वतः बादली उचलते, खुर्चीवर चढून पंखा पुसते, ओल्या लादीवरून चालते. या वयात पडून खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. आपल्या घरात आपल्या पायांवर राहायचे असेल, तर ही बाई टिकली पाहिजे, आणि तिच्या हातून योग्य ते काम झाले पाहिजे.

माझे मत असे आहे. तिच्या मोजक्या तासांतून आधी आपली सुरक्षितता मागावी, लखलखाट नंतर. आणि जे त्या तासांत बसत नाही, ते मागूच नये.

आपल्यापैकी बरेच जण मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबागकडून आलेले. तिकडे बाई रोज यायची. केर-लादी वेगळी, भांडी वेगळी, कपडे वेगळे, आणि दर कामाचे महिन्याचे पैसे ठरलेले. काल कोपरा राहिला तर आज निघायचा. इस्राएलमध्ये हिशेब निराळा आहे. इथे बाई बहुधा आठवड्यातून एकदा येते, तीन-चार तास राहते आणि तासावर पैसे घेते. मुंबईची अपेक्षा आणि इथले तास यांचा मेळ बसत नाही. मग आपण म्हणतो, ‘बाई कामचुकार आहे.’ ती म्हणते, ‘म्हातारी कटकटी आहे.’ दोघींचेही थोडे चुकते आणि तिसऱ्या आठवड्याला बाई येत नाही.

म्हणून आधी तास मोजा. तीन खोल्यांच्या घरात चार तासांत एका माणसाकडून व्यवस्थित काय होते? न्हाणीघर आणि संडास, स्वयंपाकघराचा ओटा, शेगडीचा वरचा भाग व सिंक, हाताला येईल तिथली धूळ, पलंगावरच्या चादरी बदलणे, सगळीकडचा केर आणि शेवटी स्पोंजा. एवढे झाले तर बाईने आपले काम चोख केले. खिडक्यांच्या काचा, त्रिसीमच्या पट्ट्या, फ्रीज आतून, ओव्हन, कपाटांचे खण ही या चार तासांतली कामे नव्हेत. ती करून घ्यायचीच, पण एका खेपेला एकच. या आठवड्यात फ्रीज, पुढच्या आठवड्यात एका खोलीच्या खिडक्या. त्या दिवशी नेहमीच्या कामातले काही राहील, तेही मान्य करावे.

आता क्रम. आपल्याकडे बायकांना आधी बैठकीची खोली चकचकीत लागते, कारण पाहुणे तिथे बसतात. माझे म्हणणे, पहिला तास न्हाणीघराला द्या. साबणाचा बुळबुळीत थर तिथे जमतो. रबरी पायपुसणे असेल तर ते उचलून खालूनही घासायला सांगा, नाहीतर तेच घसरते. नंतर पलंगापासून संडासापर्यंतची वाट. रात्री दोन-तीनदा उठावे लागते ती वाट मोकळी आणि कोरडी हवी. तिसरे, फ्रीज. दारातले आणि मागच्या कोपऱ्यातले डबे बाईला बाहेर काढून ओट्यावर ठेवायला सांगा. तारीख उलटून गेलेले, वास येणारे आपण निवडावे, टाकायचे तिने. आपल्याला वास कमी येतो आणि डब्यावरचे बारीक आकडे दिसत नाहीत, त्यामुळे बिघडलेले अन्न पोटात जाते. एवढे झाल्यावर वेळ उरला तर बैठकीचे काचेचे कपाट.

स्पोंजाविषयी वेगळे सांगायला हवे. बादलीभर पाणी ओतून मगावने ढकलायची ही इथली पद्धत लादीला चांगली, पण आपल्या पायांना धोक्याची. बाईला तीन गोष्टी सांगा. पाणी कमी घे. आपण बसलो असू ती खोली सगळ्यांत शेवटी कर. लादी कोरड्या कपड्याने एकदा ओढून घे. आणि तिच्याकडून एवढे मागितले की आपणही एक पाळायचे: लादी सुकेपर्यंत उठायचे नाही. दाराची बेल वाजली तरी बाईला उघडू द्या. काठी, चष्मा आणि फोन आधीच जवळ घेऊन बसा. लहान सतरंज्या आणि पायपुसणी बाई गुंडाळून ठेवील, ती परत अंथरायचीच कशाला? अडखळून पडायला तीच कारण होतात.

दुसरा धोका बाटल्यांचा. इथल्या प्रत्येक घरात एकोनोमिका असते आणि पाणी जड असल्यामुळे नळावरचा पांढरा थर काढणारे आम्लही असते. ही दोन कधीही एकत्र येता कामा नयेत. एकोनोमिकात आम्ल मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर मिसळले तरी तेच. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रावाबरोबरही विषारी वाफ निघते. बंद न्हाणीघरात हे झाले तर छातीत आग होते, श्वास अडकतो, आणि ज्यांना दमा आहे त्यांचे हाल विचारू नका. बाई घाईत दोन्ही ओतते, कारण तिला वाटते दुप्पट साफ होईल. तिला एका वेळी एकच, खिडकी उघडून, असे स्पष्ट सांगणे हा आपला हक्कही आहे आणि तिच्याविषयीचे कर्तव्यही, कारण ती वाफ आधी तिच्या छातीत जाते. उरलेले द्राव पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू देऊ नका.

वस्तू जागच्या जागी ठेवणे ही मागणी पुष्कळांना संकोचाची वाटते. ‘एवढ्यासाठी काय बोलायचे?’ बोलायचे. खुर्ची वीतभर सरकली तर रात्री अंधारात तिच्यावर आपटतो. गोळ्यांचा डबा फ्रीजवरून कपाटात गेला तर सकाळची गोळी चुकते. गोळ्या, कानाचे यंत्र, मदतीचे बटण, काठी या चार वस्तूंना बाईने हात लावायचा नाही, किंवा लावला तर तिथेच ठेवायचा. हे पहिल्याच दिवशी दाखवून द्या.

आता काय मागू नये ते. ओझेरेत आणि मेतापेलेत एक नव्हेत. बितुआह लेउमीकडून 1988 पासून सिऊदची मदत मिळते आणि 2018 पासून ती सहा पायऱ्यांत दिली जाते. त्यातून येणारी मेतापेलेत आंघोळ, कपडे, जेवण, फिरणे यांसाठी असते. ज्याची ती काळजी घेते त्याच्यापुरते घरकामही ती करते. तिला घरभरच्या खिडक्या पुसायला लावू नयेत, मुलाच्या कुटुंबाचे कपडे धुवायला देऊ नयेत. उलट, ओझेरेतने आपल्याला आंघोळ घालावी, पलंगावरून उचलावे, गोळ्या काढून द्याव्यात, अशी अपेक्षा ठेवू नये. तिला ते शिकवलेले नसते. उचलताना दोघीही पडतील. ज्यांना स्वतःचे कपडे घालणे किंवा आंघोळ करणे अवघड झाले आहे, त्यांनी सिऊदसाठी अर्ज करावा. शिडीवर चढणे, जड कपाट एकटीने हलवणे, खिडकीबाहेर वाकून काच पुसणे हेही मागू नये. जे आपल्या मुलीला करू देणार नाही ते तिलाही करू देऊ नये.

पैशाच्या बाबतीत आपली मंडळी दोन टोकांना असतात. काही जण दर वेळी चार शेकेल कमी करायला बघतात. काही जण इतके संकोचतात की बाई तासभर लवकर गेली तरी पूर्ण पैसे देतात आणि आठवडाभर चडफडतात. दोन्ही सोडा. येण्याची आणि जाण्याची वेळ कागदावर लिहा, तिच्यासमोर. ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या. रोजंदारीच्या माणसाची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी हे आपण तोरात लहानपणापासून ऐकलेले आहे.

कायदाही लक्षात ठेवा. बाई तुमच्याकडे थेट कामाला असेल तर तुम्ही मालक ठरता, मग ती आठवड्यातून दोनच तास का येईना. तिची नोंद बितुआह लेउमीकडे करून तुम्ही पैसे भरायचे असतात. किमान वेतन आणि भरपगारी रजा हे तिचे हक्क आहेत, आणि वर्ष झाल्यावर तुम्ही तिला कामावरून काढले तर पित्सुईमही द्यावे लागतात. नोंद केली नाही आणि ती तुमच्या घरी पडली, तर त्याचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. हे काम मुलगा-मुलगी किंवा हिशेब जाणणाऱ्या शेजाऱ्याकडून करून घ्या. कंपनीमार्फत बाई घेतली तर ती जबाबदारी कंपनीची, मात्र तासाचा दर जास्त पडतो.

एक नाजूक गोष्ट. वस्तू सापडली नाही की पहिला संशय बाईवर जातो. पैसे, दागिने, बँकेचे कार्ड उघड्यावर ठेवू नका. त्यात तुमचीही सोय आणि तिचीही. बँकेचा गुप्त आकडा तिला कधी सांगू नका. पण ‘चोरी झाली’ असे घरातले वडील माणूस पुन्हा पुन्हा म्हणू लागले आणि वस्तू नंतर भलत्याच ठिकाणी सापडू लागल्या, तर घरच्यांनी बाई बदलण्याआधी त्यांना डॉक्टरकडे न्यावे. स्मृती कमी होण्याच्या आजारात असा संशय येणे हे नेहमीचे लक्षण आहे. अशा वेळी बायका बदलत राहिल्या तर आजार लपतो आणि माणूस अधिकच घाबरते.

भाषेची अडचण खरी आहे. आपले हिब्रू मोडके, बाईची भाषा रशियन, अम्हारिक किंवा अरबी. म्हणून तोंडी दहा सूचना देऊ नका. पहिल्या दिवशी तिच्याबरोबर घरभर फिरून हाताने दाखवा. नातवंडाकडून हिब्रूत पाच ओळींची यादी लिहून घ्या आणि फ्रीजवर चिकटवा. काम आवडले नाही तर त्याच दिवशी एकच गोष्ट, शांतपणे सांगा. तीन वेळा सांगूनही तीच चूक झाली तर बाई बदलायला हरकत नाही. पण पहिल्याच खेपेला नको. आपल्यातल्या कितीतरी बायकांनी या देशात आल्यावर इस्पितळांत, शाळांत, परक्यांच्या घरी लाद्या पुसल्या आहेत. कोणती मालकीण बरी वाटायची आणि का, हे त्यांना विचारा.

पेसाहच्या आधी सगळीच गणिते बिघडतात. तेव्हा लक्षात ठेवावे की धूळ म्हणजे हामेत्स नव्हे. पंख्याचे पाते पुसले नाही म्हणून सण अडत नाही. बाईला महिनाभर आधी सांगा, जादा तासांचे जादा पैसे ठरवा आणि स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. बाकीचे सणानंतर झाले तरी चालेल. स्टुलावर मात्र आपण चढायचे नाही.

आपणही अगदी हातावर हात ठेवून बसावे असे नाही. कपड्यांच्या घड्या, बसल्या बसल्या भाजी निवडणे, हाताच्या उंचीवरची धूळ पुसणे हे जमेल तोवर करावे, अंग हलते राहते. वाकणे, उचलणे आणि चढणे तेवढे बाईसाठी ठेवावे.

पुढच्या खेपेला ती येण्याआधी एक कागद घ्या. ज्यांच्यामुळे आपण पडू शकतो अशा घरातल्या तीन जागा त्यावर लिहा. तिच्या कामाची सुरुवात तिथून होऊ द्या.