अपघात सांगूनच येतो

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कुणाचे बोट प्रेसखाली गेले, कुणी टाकीत गुदमरला, कुठे आग लागली, की दुसऱ्या दिवशी गेटवर, टपरीवर आणि साहेबांच्या केबिनमध्येही एकच वाक्य ऐकू येते: 'अपघात काय सांगून येतो का?' दुःखाच्या वेळी असे बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हे वाक्य एकदा मान्य केले की पुढचे सगळे प्रश्न तिथेच मिटतात. जे सांगून येत नाही त्याची तयारी कोण करणार आणि त्याचा जाब तरी कुणाला विचारणार? म्हणून आधी याच वाक्याचे खंडन करायला हवे. अपघात सांगूनच येतो. तो कधी आठवडाभर आधी सांगतो, कधी वर्षभर आधी. त्याचे ऐकून घेण्याची सोय आपण केलेली नाही, एवढेच.

३१ डिसेंबर २०२३ची पहाट घ्या. वाळूज एमआयडीसीतल्या सनशाईन एंटरप्रायझेस या हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला मध्यरात्रीनंतर आग लागली. काम बंद होते, पण कामगार आतच झोपलेले होते. सहा जण गेले. वाचलेल्यांपैकी काही जण इमारतीलगतच्या झाडाच्या आधाराने बाहेर पडले. सरकारने वारसांना मदत जाहीर केली, चार दिवस बातम्या आल्या आणि विषय मागे पडला. ठिणगी नेमकी कुठे पडणार हे आधी कुणालाच कळले नसते, हे मान्य. पण लगेच पेट घेणारा माल आणि झोपलेली माणसे एकाच छपराखाली आहेत, हे तर आधीपासून दिसत होते. जीव वाचवायला झाड धरावे लागले, याचा अर्थ दाराने जाता आले नाही. कारखान्यात हातमोजे होते. त्या रात्री गरज होती ती मोकळ्या वाटेची.

पुढे ३ एप्रिल २०२४ला छत्रपती संभाजीनगर शहरातल्या छावणी भागात, खाली शिवणकामाचे दुकान आणि वर राहती घरे अशा इमारतीत, पहाटेच्या आगीत एकाच कुटुंबातले सात जण दगावले. १५ नोव्हेंबर २०२४ला शेंद्रा वसाहतीतल्या मद्यार्क कारखान्यात मक्याची साठवण टाकी फुटून चार कामगारांचा बळी गेला. या तिन्ही घटनांतल्या कुठल्याही मृत माणसाबद्दल 'हेल्मेट घातले असते तर वाचला असता' असे कुणी म्हणू शकेल का? तरीही सुरक्षिततेचा विषय निघाला की आपली चर्चा हेल्मेट, बूट आणि हातमोजे यांच्यापलीकडे जात नाही.

इथेच दुसरा आक्षेप येतो, आणि तो सर्वांत जास्त ठासून मांडला जातो: 'आम्ही सगळे देतो हो, पण कामगारच ऐकत नाहीत.' हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. गॉगल कपाळावर चढवून ग्राइंडिंग करणारे कामगार प्रत्येक शॉपमध्ये दिसतात. पण ते ऐकत का नाहीत, इथपर्यंत आपण जात नाही.

पॉवर प्रेस जवळून पाहा. पत्र्याचा तुकडा डायवर ठेवायचा, दोन्ही हात मागे घ्यायचे आणि दोन हातांनी दोन बटणे एकदम दाबायची. तेव्हाच रॅम खाली यावा अशी रचना असते. दोन्ही हात बटणांवर असतील तर बोटे डायमध्ये असूच शकत नाहीत, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. आता त्याच प्रेसचे एक बटण पाचर मारून कायमचे दाबून ठेवलेले असते. एक हात बटणावर, दुसरा डायमध्ये. प्रत्येक पीसमागे सेकंद-दीड सेकंद वाचतो आणि तासाचे टार्गेट पुरे होते. ती पाचर कामगाराने मारली असेलही. पण टार्गेट त्याने ठरवलेले नसते. सुपरवायझर दिवसातून दहा वेळा तिथून जातो, त्याला ती दिसत नाही असे होत नाही. ठेकेदाराकडून आलेला तीन महिन्यांचा ट्रेनी, रांजणगाव शेणपुंजीत चौघांत एक खोली करून राहणारा, 'पाचर काढा, पीस कमी निघाले तरी चालतील' असे कुणाला सांगणार? ती पाचर म्हणजेच अपघाताने पाठवलेला निरोप. बोट तुटते त्या दिवशी आपण कामगाराचा निष्काळजीपणा लिहितो आणि फाइल बंद करतो.

सुरक्षाशास्त्राने धोक्यावरच्या उपायांची एक उतरंड ठरवली आहे. सर्वांत आधी धोकाच काढून टाका. तो काढता येत नसेल तर कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत वापरा. तेही जमत नसेल तर यंत्राला जाळी, सेन्सर, धूर ओढणारी नळी अशी तांत्रिक आडकाठी घाला. त्यानंतर कामाचे नियम आणि प्रशिक्षण. आणि अगदी शेवटी, बाकीचे सगळे उपाय करूनही जो धोका उरेल त्याच्यासाठी, अंगावरची साधने. आपण ही उतरंड उलटी केली आणि शेवटच्या उपायाला पहिला मान दिला, कारण तो स्वस्त आहे आणि त्यात चूक नेहमी घालणाऱ्याची ठरते.

शेतात हेच झाले. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. तेव्हाही 'मास्क लावला नाही, अंगभर कपडे घातले नाहीत' हेच पहिले उत्तर होते. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, दमट उकाड्यात, अंगावर उडणाऱ्या औषधाच्या फवाऱ्यात रबरी हातमोजे आणि मास्क लावून आठ तास काम करून पाहावे, मग असा सल्ला द्यावा. इतकी विषारी औषधे, त्यांची मिश्रणे आणि जोरदार फवारणीचे पंप मजुराच्या हाती कुणी आणि कशाच्या भरवशावर दिले, हा खरा प्रश्न होता. वाळूजच्या कारखान्यांत येणारी कितीतरी पोरे गंगापूर, वैजापूर, पैठणकडच्या अशाच कपाशीच्या घरांतली आहेत. शेतातही ती उघडी होती, शेडमध्येही उघडीच आहेत.

तिसरा गैरसमज सुशिक्षितांचा आहे: 'लॅबमध्ये कसला धोका? एसीत बसून काम.' बीएस्सी, एमएस्सी केमिस्ट्री करून क्वालिटी कंट्रोलमध्ये लागलेल्या मुलीला घरचे हेच सांगतात आणि तिचे वरिष्ठही हेच मानतात. तिच्या लॅबमधला फ्यूम हूड पाहा. विषारी वाफा ओढून घेणे हे त्याचे काम. पण आत सॉल्व्हंटच्या बाटल्यांची रांग लावून त्याचे कपाट झालेले असते. हवेची वाट अडते, काच गळ्यापर्यंत वर असते आणि वाफा ओढल्या जाण्याऐवजी तोंडावर येतात. बेसिनखाली वेस्टचा कॅन असतो. त्यावर आत काय आहे याची चिठ्ठी नसते. दुपारच्या पाळीत कुणी त्यात ॲसिटोन ओतलेले असते. रात्रीच्या पाळीत दुसरे कुणी उरलेले नायट्रिक ॲसिड ओतते आणि झाकण घट्ट लावते. आत वायू साठत जातो आणि कॅन फुटतो. डोळ्यांत रसायन उडाले तर पहिल्या काही सेकंदांत पाण्याखाली जावे लागते आणि सलग १५ मिनिटे धुवावे लागते. डोळे धुण्याच्या नळासमोर खोके रचलेले असतील, तर ते सेकंद खोके हलवण्यात जातात.

ही भीती मनची नाही. २९ डिसेंबर २००९ रोजी मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेतील आगीत दोन तरुण संशोधक गेले. ५ डिसेंबर २०१८ रोजी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्फोट होऊन एका संशोधकाचा जीव गेला. लॅबचा धोका लॅबच्या भिंतीत राहतो असेही नाही. दिल्ली विद्यापीठाने भंगारात काढलेल्या उपकरणातले कोबाल्ट-६० २०१०मध्ये मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले आणि तिथल्या एका कामगाराचा किरणोत्साराने बळी गेला. देशातल्या नामवंत संस्थांत हे घडू शकते, तर दोन टेबलांच्या लॅबमध्ये घडणार नाही हे कशावरून?

लॅबमधून नमुना आणायला जो माणूस सांडपाणी प्रकल्पावर जातो, त्याचे काम तर लॅब आणि शॉप या दोन्हींच्या मधले. म्हणून ते कुणाच्याच नियमावलीत नीट बसत नाही. टाकीतल्या गाळात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोवर माणूस सावध असतो. पण वायूचे प्रमाण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा ठिकाणी 'सांभाळून जा' या शब्दांचा काहीही उपयोग नाही. उपयोग होतो तो उतरण्यापूर्वी हवा मोजणाऱ्या मीटरचा, वर दोर धरून उभ्या असलेल्या माणसाचा आणि त्याहून अधिक, उतरायची गरजच राहणार नाही अशा नमुना काढण्याच्या नळाचा.

चौथा आक्षेप लहान उद्योजकाचा: 'हे सगळे मोठ्या कंपन्यांना ठीक, आम्हाला परवडत नाही.' त्याची अडचण खरी आहे. कर्जाचा हप्ता आणि थकलेली बिले यांत तो पिचलेला असतो. पण 'परवडत नाही' हे उत्तर नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुटी मागत होते, तेव्हाही मालकांना ती परवडणारी वाटत नव्हती. १८९०मध्ये रविवारची सुटी मिळाली आणि गिरण्या त्यानंतरही अनेक दशके चालल्या. शिवाय दुसरे दार, कॅनवरची चिठ्ठी, बटणातली पाचर काढणे, नळासमोरची खोकी हलवणे यांतले कितीसे महाग आहे? जे खरोखर महाग आहे त्याचा भार एकट्या लहान कारखान्यावर टाकू नये, हे मात्र रास्त.

पाचवा आक्षेप कागदांचा: 'आमचे सगळे रेकॉर्ड पूर्ण आहे.' कायदे आपल्याकडे आहेत, हे खरेच. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला देणे, सुरक्षा समितीत त्याला जागा देणे आणि जिवावरचा धोका दिसला तर तो सांगण्याचा त्याचा हक्क हे सगळे त्यात आले. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. २१ नोव्हेंबर २०२५पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिने सुरक्षा अधिकारी नेमण्याची मर्यादा १००० कामगारांवरून ५००वर आणली, हे चांगले. पण मूळ कायद्यात विजेवर चालणारा १० कामगारांचा उद्योग 'कारखाना' होता, संहितेत त्यासाठी २० कामगार लागतात. जिथे धोका सर्वांत उघडा आहे तिथेच कायद्याची जाळी विरळ झाली. आणि मोठ्या जागी तरी काय? 'अपघाताविना इतके दिवस' हा फलक शून्यावर येऊ नये म्हणून जखमीला गुपचूप खासगी दवाखान्यात नेऊन रजेवर पाठवण्याची रीत या वसाहतीला नवखी नाही. असा फलक अपघात थांबवत नाही. अपघात लपवायला तो भाग पाडतो.

मग मांडायचे काय? वाळूजने नवे तत्त्वज्ञान शिकायची गरज नाही. इथे १९८५मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो कारखान्यांची वस्ती उभी राहिली. या कारखान्यांतल्या प्रत्येक क्वालिटी इंजिनीअरला एक गोष्ट पाठ आहे. पीस रिजेक्ट होऊन परत आला की ग्राहक एट-डी रिपोर्ट मागतो. पाच वेळा 'का?' विचारून मुळापर्यंत जावे लागते. त्या रिपोर्टात 'ऑपरेटरची चूक' असे कारण लिहिले तर तो परत येतो, कारण माणूस चुकणारच हे गृहीत धरून चूक होऊच शकणार नाही अशी रचना करायची असते. त्यालाच इथे पोका-योके म्हणतात. उलटा बसणारा पार्ट बसूच नये म्हणून फिक्श्चरला पिन लावतात. म्हणजे पत्र्याच्या तुकड्याबाबत जे उत्तर आपण नाकारतो, तेच बोटाबाबत स्वीकारतो.

माझे म्हणणे एवढेच आहे: जो न्याय पार्टला, तोच माणसाला लावा. प्रत्येक इजेचा, आणि थोडक्यात हुकलेल्या प्रत्येक प्रसंगाचाही, एट-डी रिपोर्ट व्हावा आणि त्यात 'निष्काळजीपणा' हे कारण चालू नये. हुकलेला प्रसंग सांगणाऱ्याला शाबासकी मिळावी, मेमो नव्हे. धोका दिसला तर मशिन थांबवण्याचा हक्क ठेकेदाराच्या कामगारालाही असावा, आणि ते थांबलेले मिनिट त्याच्या टार्गेटमधून वजा व्हावे. मोठ्या कंपन्या पुरवठादाराचे ऑडिट करतात तेव्हा त्यांनी मालाबरोबर प्रेसची बटणे आणि मागची दारेही तपासावीत, आणि सुरक्षेचा खर्च पीसच्या दरात धरावा. मसिआ, सीएमआयए यांसारख्या उद्योजक संघटनांनी लहान कारखान्यांच्या गटासाठी एक सामाईक सुरक्षा अभियंता, एक गॅस मीटर आणि रासायनिक कचरा उचलण्याची एक सामाईक व्यवस्था उभी करावी; एकेकट्याला न परवडणारे असेच परवडते. लॅबमध्ये रात्रपाळीला कुणी एकटे नसावे. आणि कारखान्यात माणसे झोपणार असतील, तर त्यांच्यासाठी वेगळी निवासाची जागा ही मेहेरबानी नसून परवान्याची अट असावी.

यातली एकही गोष्ट वाळूजच्या कुवतीबाहेरची नाही. मायक्रॉनमध्ये माप धरणारी, जगभर माल पाठवणारी ही वसाहत आहे. तिला माणसाचे बोट आणि जीव तेवढ्याच काटेकोरपणे सांभाळता येतो. ते अजून होत नाही, कारण त्याची किंमत कामगाराचे घर मोजते आणि मालाची किंमत कंपनी मोजते. हा हिशेब बदलला पाहिजे, आणि तो बदलण्याचे काम पार्टचा दर ठरवणाऱ्यांचे, परवान्यावर सही करणाऱ्यांचे आणि शॉपफ्लोअरवर चालताना ती पाचर पाहणाऱ्या प्रत्येकाचे आहे.