वाघबीळच्या चढावरचा इंटरकूलर

कोल्हापूरहून पन्हाळ्यास जाणारा रस्ता वाघबीळपर्यंत गाडीची विशेष परीक्षा पाहत नाही. परंतु तेथे रत्नागिरीचा हमरस्ता सोडून, वैशाखातल्या उन्हात, माणसांनी खच्चून भरलेली वडाप जीप दुसऱ्या गिअरमध्ये गडाच्या वळणांस लागते, तेव्हा टर्बोने तापविलेली हवा निवविण्यास तिचा इंटरकूलर कितपत समर्थ आहे, हे अर्ध्या घाटातच कळून येते. ‘कोणता इंटरकूलर बसवावा’ अशी पृच्छा करणाऱ्या वाचकांना म्हणूनच मी आधी विचारतो, की आपली गाडी चालते कोठे?

हवा दाबली की तापते. 35 अंशांची हवा वातावरणाच्या दुप्पट दाबाला नेली, तर सामान्य टर्बोतून ती सुमारे 130 अंशांची होऊन निघते, आणि दाब दुप्पट होऊनही तितक्याच जागेत तिचे वजन जेमतेम दीडपट भरते. तीच 60 अंशांपर्यंत निवविली, तर ते 1.85 पट होते. मात्र इंटरकूलरच्या जाळीतून जाताना 0.1 बार दाब खर्ची पडला, तर या जमेतून शेकडा 5 वजा झालेच म्हणून समजावे.

बॉनेटखाली, इंजिनाच्या माथ्यावर बसविलेल्या इंटरकूलरचे पाइप आखूड असतात खरे. पण ताशी 20 किलोमीटरने चढणाऱ्या गाडीच्या बॉनेटवरील खाचेत वारा तो किती शिरणार, आणि खालून तर इंजिनाची धग लागतच असते. पाण्याने निवणारा प्रकार अल्प चढावर उत्तम, परंतु पंप आणि वेगळा रेडिएटर यांची देखभाल वडापवाल्यास परवडणारी नाही. बार-अँड-प्लेट जाळी दगडधोंड्यांस दाद देत नाही, तथापि ती वजनदार, आणि एकदा तापली की निवण्यास मंद. घाटातल्या गाडीस माझ्या मते पुढल्या जाळीमागे, रेडिएटरच्या पंख्याच्या ओढीत बसणारा, बेताच्या जाडीचा ट्यूब-अँड-फिनच मुनासिब होय. अवाढव्य घेतला, तर तो रेडिएटरचाच वारा अडवितो.

गेल्या महिन्यात घाटाच्या पायथ्याशी एका जीपमालकाने पिकअप गेला, काळा धूर येतो, म्हणून मोठा इंटरकूलर बसविण्याची तजवीज चालविली होती. मिस्त्रींनी पुढली जाळी काढली, तो पात्यांच्या फटींत उसाच्या पाचटाचे तुकडे आणि वाळलेला तांबडा चिखल गच्च बसलेला; खालच्या होज पाइपला क्लिपेलगत बोटभर चीर, आणि तिच्याभोवती तेलाचे काळे कडे.

“काका, मोठा बसवून काय हुतंय, वारंच आत शिरंना तर?” मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी इंजिनाच्या बाजूने हलक्या पाण्याने जाळी धुतली, नवा पाइप चढविला.

सायंकाळी त्याच जीपने आम्ही गडावर पोहोचलो. बॉनेट उघडून मालकाने टर्बोकडून येणाऱ्या पाइपला बोट लावले आणि झटक्याने मागे घेतले. इंजिनाकडे जाणारा पाइप मात्र तो बराच वेळ मुठीत धरून उभा होता.

— पांथस्थ