ताजे कूलंट उंदराला, शिळे कामगाराला

भोसरीच्या एका वर्कशॉपमधला सीएनसी ऑपरेटर सहा महिने कोरडा खोकला घेऊन आमच्या ओपीडीत येत होता. थुंकीत जंतू नव्हते, एक्स-रेत डाग होते; मी क्षयाची औषधे सुरू केली. गावच्या जत्रेला गेला की बरा असतो, कामावर आला की पुन्हा ताप, असे त्याच्या बायकोने सांगितले, तेव्हा कुठे मी विचारले, ‘मशीनवर नेमके काय उडते?’

उडते ते कूलंट. धातू कापताना सोडतात तो तेल-पाण्याचा द्रव. वेगाने फिरणाऱ्या भागावर आदळून त्याचे धुके होते. त्याच्या सुरक्षा पत्रकावर ‘श्वसनमार्गे तीव्र विषारी नाही’ असे लिहिले होते. ते खोटेही नसेल. अशा चाचणीत पांढऱ्या उंदरांना साधारण चार तास फवारा हुंगवतात आणि १४ दिवस पाहतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने काही कूलंटच्या चाचण्या दोन वर्षे चालवल्या. त्या हव्यातच, नाहीतर पहिला प्रयोग कामगारावर होतो.

पण उंदीर नाकानेच श्वास घेतो, दमलेला माणूस तोंडानेही. त्याहून मोठा फरक द्रवाचा. उंदराला मिळते डब्यातले ताजे कूलंट. कामगाराला टाकीत महिनोन्महिने फिरलेले, धातूचा कीस, गळालेले वंगण आणि जंतू यांच्यासह. सोमवारी सकाळी मशीन सुरू करताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो या जंतूंचा. क्षयाच्या जंतूचे भाऊबंदही त्यात वाढतात आणि काहींच्या फुप्फुसांना त्यांची ॲलर्जिक सूज येते. बर्मिंगहॅमच्या एका मोटार-इंजिन कारखान्यात २००३-०४ च्या सुमारास या सुजेची आणि दम्याची साथच आली होती.

आपल्या फॅक्टरी कायद्याने खनिज तेलाच्या धुक्याची मर्यादा घनमीटरला ५ मिलिग्रॅम ठेवली. अमेरिकेच्या नायोश संस्थेने १९९८ मध्येच कूलंटच्या धुक्यासाठी ०.५ सुचवली होती. आपला आकडा खाली यायला हवा, आणि तपासणी डब्यातल्या नव्हे, टाकीतल्या द्रवाची व्हायला हवी. मशीनला झाकण, धुके ओढणारा पंखा, वेळेवर टाकी धुणे, यात अवघड काही नाही. आम्हा डॉक्टरांना तर एक प्रश्न विचारायला पैसेही लागत नाहीत, तरी मला सहा महिने लागले.

क्षयाची औषधे मी थांबवली. तो आता पॅकिंगला आहे. खोकला कमी आहे, ओव्हरटाइमही गेला. त्याच्या मशीनवर दुसरा मुलगा उभा आहे.