दानाचा पैसा आणि विजेचे बिल

सोलापूर जिल्ह्यात विजेचे दुर्भिक्ष आहे, असे आज कोणी म्हणू शकणार नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा १३२० मेगावॉट क्षमतेचा औष्णिक प्रकल्प उभा आहे. त्याचा पहिला संच २०१७ साली व दुसरा २०१९ साली सुरू झाला आणि तहानलेल्या जिल्ह्यातील उजनीचे पाणी त्याला दिले गेले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एक झाले. देशाच्या वीजव्यवस्थेची गाठ ज्या जिल्ह्यात बसली, त्याच जिल्ह्यातील अनाथालयांत, वृद्धाश्रमांत आणि दिव्यांगांच्या वसतिगृहांत मात्र विजेचे बिल हाती पडले की चिटणीसांना धान्याचा नि औषधांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

या संस्था कोणासाठी आहेत? विडी वळणाऱ्या बाईच्या, यंत्रमागावर बारा तास उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या, ऊसतोडीला परमुलखात जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलांसाठी आहेत. त्या चालतात त्या लहान लहान देणग्यांवर. कोणी मुलाच्या वाढदिवसाचे जेवण देतो, कोणी आईच्या स्मरणार्थ पाचशे रुपये पाठवितो. तो पैसा मुलाच्या ताटात पडावा, ही देणाऱ्याची इच्छा असते. तो मीटरमधून वाहून जात असेल, तर तो प्रश्न हिशेबनिसाचा राहत नाही. तो सार्वजनिक न्यायाचा होतो.

याचे पहिले कारण अज्ञान हे आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या दरपत्रकात ग्राहकांचे वर्ग पाडलेले आहेत. निराधारांची व दिव्यांगांची वसतिगृहे आणि धर्मशाळा यांना पडताळणीनंतर घरगुती वर्गात स्थान मिळते; शाळा, रुग्णालये, ग्रंथालये यांच्यासाठी सार्वजनिक सेवा हा निराळा वर्ग आहे. परंतु इमारत पूर्वी एखाद्या व्यापाऱ्याची असेल, जोडणी त्याच्याच नावावर राहिली असेल, तर वाणिज्य दराने बिल येत राहते आणि विश्वस्त मुकाट्याने ते भरीत राहतात. मंजूर भार गरजेपेक्षा अधिक नोंदला गेला असेल, तर त्याचाही भुर्दंड बसू शकतो. स्वयंपाकाच्या गॅसचेही तसेच आहे. वाणिज्य सिलिंडरवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे. घरगुती ग्राहकांना, तसेच घरगुती नसूनही सवलतीच्या वर्गात घेतलेल्या ग्राहकांना मिळणाऱ्या गॅसवर तो ५ टक्के आहे. आपली नोंद कोणत्या वर्गात आहे, हे न पाहणे म्हणजे दात्याचा पैसा रस्त्यावर टाकणे होय.

दुसरे कारण अधिक खोल आहे, कारण तेथे दोष संस्थेचा नाही, नियमाचा आहे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर पाडलेले आहेत. जो अधिक वीज जाळतो तो अधिक सधन, म्हणून त्याने अधिक दर द्यावा, हे त्यामागील तत्त्व आहे. तत्त्व न्याय्य आहे आणि समाजवाद्यांनी त्याचे समर्थनच केले पाहिजे. पण हा नियम मीटर मोजतो, माणसे मोजीत नाही. समजा, एका वसतिगृहात पन्नास मुले राहतात आणि महिन्याला १२०० युनिट वीज लागते. म्हणजे मुलामागे २४ युनिट. चार माणसांचे गरीब कुटुंब महिन्याला १०० युनिट वापरते, तेव्हा त्याचा माणशी वापर २५ युनिट होतो आणि त्याला सर्वांत खालचा दर लागतो. त्याहून कमी वीज वापरणाऱ्या अनाथ मुलाच्या वसतिगृहाला मात्र १२०० पैकी ७०० युनिटांसाठी सर्वांत वरचा दर द्यावा लागतो, जणू तो वातानुकूलित बंगल्याचा मालक आहे! श्रीमंतांच्या उधळपट्टीला लगाम घालण्यासाठी केलेला नियम निराधारांच्या मानेवर बसला आहे.

येथे शासनाच्या तिजोरीचे रडगाणे ऐकवले जाईल. परंतु यंत्रमागाला शासन वीजदरात सवलत देते, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू आहे, आणि ते योग्यच आहे. मग सेवाकार्याच्या वाट्याला काय आले? छतावरील सौर संचासाठी पूर्वी केंद्राचे जे अनुदान होते, त्यात अनाथालये, वृद्धाश्रम व विश्वस्त संस्था यांचाही समावेश होता. २०१९ साली योजनेचा दुसरा टप्पा आला आणि अनुदान निवासी ग्राहकांपुरते मर्यादित झाले. २०२४ पासूनच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचासाठी घरमालकाला ७८ हजार रुपये मिळतात. ज्याच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर आहे त्याला मदत, आणि ज्यांना कोणाचेच छप्पर नाही त्यांना सांभाळणाऱ्या संस्थेचे नाव यादीतून गाळलेले, असा हा उफराटा न्याय आहे.

मागणी तर केलीच पाहिजे. पण ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. एकेकट्या संस्थेला बाजारात पत नसते, दहा संस्था एकत्र आल्या की विक्रेता दारात येतो. मुंबई ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हेच करून दाखविले. कुटुंबांचे गट करून तिने वाणसामान एकत्रितपणे विकत घेतले आणि मधल्या दलालीचा काच सैल केला. इंग्लंडमध्ये चर्चच्या पॅरिशेस वीजसुद्धा अशीच एकत्र खरेदी करतात. आपल्याकडे लहान ग्राहकाला वीज विकणारा निवडण्याचे स्वातंत्र्य अद्याप नाही. हरित विजेच्या खुल्या खरेदीची मर्यादा २०२२ च्या केंद्रीय नियमांनी एक मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आली. पण लहान अनाथालयाचा भार तिथवरही पोचत नाही. निरनिराळ्या नोंदणीकृत संस्थांना आपले भार एकत्र मोजून घेता यावेत, ही मागणी म्हणूनच महत्त्वाची आहे.

तोवर साधने एकत्र घेता येतील. जुना पंखा सुमारे ७५ वॉट ओढतो, नवा कमी विजेचा पंखा ३० वॉटवर चालतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखे पंधरा पंधरा तास फिरतात. वीस पंखे बदलले, तर महिन्याला सुमारे ४०० युनिट वाचतात, आणि वाचतात ती वरच्या टप्प्यातील, सर्वांत महाग युनिटे. सौर संचाची वीजही प्रथम त्याच महाग युनिटांना कात्री लावते. पंधरा-वीस संस्थांनी मिळून एकच निविदा काढली, देखभालीचा एकच करार केला, तर किंमत उतरेल आणि संच बिघडल्यावर दाद मागणारा आवाजही एकटा राहणार नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. दानधर्म हे समाजवादाचे उत्तर नव्हे, निराधारांचा भार शासनानेच उचलला पाहिजे, हा पहिला. तो तत्त्वतः मान्यच आहे. पण तो दिवस उजाडेपर्यंत मुलांनी उकाड्यात अभ्यास करावा, असे कोणता समाजवाद सांगतो? शिवाय माणशी दराची मागणी दयेची नाही, हक्काची आहे. दुसरा आक्षेप असा, की विश्वस्त संस्थेच्या नावाखाली शिक्षणसम्राटही सवलत लाटतील. ही भीती खरी आहे. म्हणून सवलत पाटीवर नव्हे, निवासी निराधारांच्या पडताळलेल्या संख्येवर द्यावी आणि धर्मादाय आयुक्तांकडे सादर होणाऱ्या हिशेबांशी ती जोडावी. सहकाराच्या नावाने सर्व काही आपोआप साधते, असेही मानू नये. वीजवितरण करणाऱ्या मुळा-प्रवरा सहकारी संस्थेचे काम थकबाकीच्या डोंगराखाली २०११ साली महावितरणकडे गेले, हा धडा जवळचाच आहे. संयुक्त खरेदीत वेळेवर पैसे भरण्याची शिस्त ही पहिली अट होय.

कार्यकर्त्यांपुढील काम यातून स्पष्ट होते. प्रत्येक तालुक्यात दोघातिघांनी बसून आसपासच्या संस्थांची वर्षभराची बिले तपासावीत, वर्ग आणि मंजूर भार पाहावा, चूक असेल तेथे दुरुस्तीचा अर्ज करावा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहेत. पंढरपूरच्या ज्या धर्मशाळा वारीपुरत्या गजबजतात आणि बारा महिने स्थिर आकार भरतात, त्यांचीही बिले या तपासणीत घ्यावीत. आयोग दर ठरविण्यापूर्वी लेखी हरकती मागवितो व सुनावणी घेतो. महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेने आणि पुण्याच्या प्रयास संस्थेने तेथे आकडेवारीनिशी उभे राहण्याचा पायंडा पाडला आहे. सोलापूरच्या वसतिगृहांची बाजू घेऊन तेथे कोणी उभे राहिले पाहिजे आणि एकच साधी गोष्ट मागितली पाहिजे: एका मीटरमागे किती माणसे राहतात ते मोजा, आणि मग दर लावा.