गावच्या कारागिराची हमी कोण घेणार?

आपल्यापैकी पुष्कळ व्यापारी दरवर्षी व्यवसाय कर भरतात. चलन भरले, पावती फायलीत लावली की विषय संपला. पण हा कर आपल्या राज्यात कशासाठी आला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ मध्ये ग्रामीण मजुरांना हमखास काम देण्याचा एक प्रयोग केला. पुढे १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक सरकारी कामांवर खडी फोडू लागले आणि त्याच वर्षी ही कल्पना राज्याची रोजगार हमी योजना झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. योजनेचा खर्च भागविण्यासाठी १९७५ मध्ये व्यापारी, व्यावसायिक व नोकरदार यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहराच्या कमाईतून गावातील रिकाम्या हातांना काम द्यावे, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

हिशेब चांगलाच होता. या योजनेने दुष्काळात अनेकांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे कोणीही मान्य करील. २००५ मध्ये केंद्राने केलेल्या कायद्याने हीच कल्पना देशभर नेली व ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. पण या दोन्ही कायद्यांनी हमी दिली ती अंगमेहनतीच्या कामाची, म्हणजे फावड्याची आणि घमेल्याची. ज्याच्या हातात हुनर आहे, त्याच्या हुनराला काम मिळेल अशी हमी कोणी दिली नाही.

याचा फटका आपल्या समाजाला विशेष बसला. खेड्यात राहणारा मुसलमान बहुधा मोठा जमीनदार नव्हता. तो पिंजारी होता, मनियार होता, शिकलगार, आतार, तांबोळी, मुलाणी किंवा कलईवाला होता. सुगीच्या वेळी शेतकऱ्याच्या खळ्यावरून त्याच्या घरी धान्य येई व त्यावर वर्ष निघे. पुढे स्टीलची भांडी आली आणि कलई गेली. फोमची गादी आली आणि पिंजाऱ्याची पिंजण खुंटीला लागली. कारखान्याचे विळे-कोयते बाजारात आले आणि शिकलगाराचा भाता थंडावला. यांपैकी कोणी रोजगार हमीच्या कामावर गेला, कोणी तालुक्याला येऊन हातगाडी ओढू लागला. त्याची गरिबी संपली नाही. ती गावातून मोहल्ल्यात आली, एवढेच.

आता सरकारने कारागिराकडे पाहिलेच नाही, असे म्हणता येणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पंतप्रधान विश्वकर्मा योजना खास कारागिरांसाठी आहे. पाच वर्षांसाठी तिला १३,००० कोटी रुपये ठरविण्यात आले. त्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत ठेवली गेली. शिवाय पहिल्या टप्प्यात १ लाख व ते फेडल्यावर दुसऱ्या टप्प्यात २ लाखांपर्यंत कर्ज, तेही तारण न घेता, ५ टक्के व्याजाने. व्याजाच्या कारणाने आपले अनेक कारागीर अशा योजनेचे नाव निघताच मागे फिरतात. त्यांना हे समजावून सांगितले पाहिजे की प्रशिक्षण, विद्यावेतन व अवजारांची मदत म्हणजे कर्ज नव्हे, आणि कर्ज घेणे सक्तीचे नाही. ज्याला ते नको असेल त्याने घेऊ नये, पण बाकीचा हक्क का सोडावा?

मात्र या योजनेत १८ व्यवसायांची यादी आहे. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी, चांभार, न्हावी, परीट, सोनार, कुलपे बनविणारा, हत्यारे बनविणारा, मासेमारीची जाळी विणणारा असे व्यवसाय तीत आले. पिंजारी, बांगडीवाला, कलईवाला व हातमाग विणकर यांची नावे त्या यादीत घातली गेली नाहीत. विणकरांसाठी निदान वेगळ्या योजना आहेत. कलईवाल्यासाठी काय आहे? यादी करणाऱ्यांसमोर या धंद्यांची बाजू कोणी मांडली होती काय, हा प्रश्न आपण सरकारला विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे. जो समाज आपल्या कारागिरांची साधी मोजदाद ठेवत नाही, त्याची नावे यादीत कशी येणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की, सरकारी धोरण आणि समाजाची संघटना ही गाडीची दोन चाके आहेत. धोरण दार उघडते. त्या दारापर्यंत कारागिराला नेण्याचे काम समाजाचे आहे. हे काम अवघडही नाही. त्यासाठी मोठ्या परिषदा भरवून ठराव करण्याची गरज नाही.

पहिले काम कागदाचे. प्रत्येक गावच्या जमातीने आपल्या कारागिरांची वही करावी : नाव, धंदा, वय, आधार, बँक खाते, जातीचा दाखला आहे की नाही. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर १९९४ मध्ये मुस्लिमांतील मागास व्यावसायिक जातींना इतर मागासवर्गाच्या सवलती देण्याचा निर्णय घेतला. इतकी वर्षे लोटली तरी दाखला नसल्याने दारातून परत येणारी मुले आजही दिसतात. सूक्ष्म उद्योगाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे व ती विनामूल्य आहे. तिच्यासाठी एजंटाला हजार रुपये देणे हा निव्वळ अडाणीपणाचा दंड आहे. तालुक्यातील आपल्या शिकलेल्या तरुणांनी महिन्यातील एक रविवार या कामाला दिला, तरी पुष्कळ होईल.

दुसरे काम ग्रामसभेचे. ७३ वी घटनादुरुस्ती एप्रिल १९९३ मध्ये अंमलात आली, तेव्हापासून ग्रामसभेला घटनेचा आधार आहे. विश्वकर्मा योजनेतही गावच्या अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे ठेवण्यात आली. जो ग्रामसभेत कधी तोंड दाखवीत नाही, त्याचा धंदा पंचायतीला कसा ठाऊक असणार? यादीबाहेर राहिलेल्या धंद्यांसाठी ग्रामसभेत ठराव करून तो जिल्हा उद्योग केंद्राकडे पाठवावा. अशा शंभर ठरावांचे वजन एका निवेदनापेक्षा जास्त असते.

तिसरे काम बचतीचे. नाबार्डने १९९२ मध्ये सुमारे ५०० गटांपासून बचत गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. आज ही चळवळ देशभर पसरली आहे. गटाचा पाया कर्ज हा नसून दरमहा नियमित बचत व चोख हिशेब हा आहे. आपल्या भगिनी शिलाई, गोधडी, शेवया, मसाले यांत कुशल आहेत. त्यांचे गट व्हावेत. जिथे व्याजाचा प्रश्न येतो तिथे जमातीने कर्जे हसनाचा फंड उभारावा, पण तोही वहीखात्यावर, मुदतीने आणि दोन साक्षीदारांसह. दिलेले परत येत नाही म्हणून अनेक चांगले फंड बुडतात.

चौथे काम खुद्द आम्हा व्यापाऱ्यांचे. कारागिराचा माल आम्ही उचलतो आणि पैसे तीन-तीन महिने अडकवून ठेवतो. मग तो सावकाराकडे जातो आणि त्याचा नफा व्याजात जातो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत व करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण कष्टाचा मोबदला वेळेवर देण्याची शिकवण आपल्याला कायद्याने थोडीच दिली? ती त्याच्या कितीतरी आधीची आहे.

यात आपला फायदाही आहे. आठवडे बाजारात गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा असेल तरच आपल्या दुकानात विक्री होते. गाव गरीब राहिला तर बाजारपेठ श्रीमंत होत नाही, हे जुने व्यापारी जाणत होते. व्यवसाय कर भरून आपण गावच्या मजुराचा हक्क मान्य केला. आता कारागिराची हमी घ्यायची तर सुरुवात साधी आहे. या आठवड्यात आपल्या वहीत कोणत्या कारागिराचे पैसे राहिले आहेत ते पाहावे, ते चुकते करावेत, आणि त्याचे कागद पूर्ण आहेत का, एवढे विचारावे.