मधला स्पीकर

होम थिएटर असलेल्या बहुतेक घरांत एक दृश्य हमखास दिसतं. पडद्यावर मारामारी सुरू झाली की आवाज कमी करायचा, दोघं बोलायला लागले की परत वाढवायचा. अख्खा सिनेमाभर घरातला एक जण रिमोट घेऊन ड्यूटीवर! पाच स्पीकर आणि वर एक सबवूफर घेऊनही संवाद कळत नसतील, तर हा सगळा खटाटोप कशासाठी?

आमच्याकडे हा प्रश्न बाबांमुळे उभा राहिला. वय ७८. गेले काही महिने ते सिनेमा लागला की आत जाऊन पडायचे. विचारलं तर म्हणाले, "आवाज मोठा आहे रे, पण बोलणं कळत नाही." वय झालेल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य खूपदा येतं आणि ते अगदी नेमकं आहे. वयानुसार आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात. स्वर ठीक ऐकू येतात, पण स, श, फ यांसारखी व्यंजनं पुसट होतात. माणूस बोलतोय हे समजतं, काय बोलतोय ते निसटतं. नुसता आवाज वाढवला तर धडधडही तेवढीच वाढते. बाबांनी कानाला यंत्र लावलंय, त्याचा उपयोगही होतो. पण टीव्हीपुढची अडचण उरलीच.

तर १ मेच्या सुट्टीला टेप, स्क्रू ड्रायव्हर आणि वायरींचा गुंता घेऊन बसलो.

५.१ मध्ये बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. आमचा मधला स्पीकर दुकानाच्या माणसाने टीव्ही युनिटच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, पार आत सरकवून ठेवला होता. दिसायला झकास! पण आवाज फळ्यांवर आपटत आमच्या गुडघ्यांकडे जायचा. तो वर घेतला, फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढला आणि पुढच्या बाजूला खाली रबरी बुचं देऊन त्याचं तोंड कानांकडे वळवलं.

सबवूफर कोपऱ्यात होता. कोपऱ्यात खर्ज फुगतो. शिवाय प्रत्येक खोलीचे आपले काही हट्टी सूर असतात. १२ फूट लांबीच्या खोलीत त्यातला पहिला साधारण ४७ हर्ट्झला येतो, आणि तो वाजला की खोली घुमते. यावर जुना उपाय आहे. सबवूफर चक्क बाबांच्या खुर्चीवर ठेवला, गाणं लावलं आणि मी भिंतीकडेने रांगत फिरलो (चिरंजीव जाम खूश). जिथे खर्ज सुटा, स्वच्छ ऐकू आला, तीच त्याची नवी जागा.

आता मुद्द्याचं. पुस्तकी नियमाने पुढचे दोन स्पीकर मध्यापासून ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांवर हवेत. पण हे कोन कुणाच्या खुर्चीवरून मोजायचे? आकृतीत बरोब्बर मध्ये एकच खुर्ची असते, आणि प्रत्यक्षात ती पैसे देणाऱ्याची असते. माझं मत असं, की टेप घरातल्या सगळ्यात कमी ऐकू येणाऱ्याच्या खुर्चीला लावावा. बाबांची खुर्ची खिडकीशी, एका कडेला आहे आणि ती हलणार नाही. त्यामुळे कोन तंतोतंत जमले नाहीत. पण स्पीकरची तोंडं तिकडे वळवली आणि रिसीव्हरमध्ये अंतरं त्या खुर्चीपासूनची भरली. मधला स्पीकर ३ डेसिबलने वाढवला, मोठे-लहान आवाज जवळ आणणारा नाइट मोड चालू केला. खर्च शून्य.

जाणकार मित्र म्हणतील, स्वीट स्पॉट घालवलास. गेला थोडा, कबूल. दिवाणावरून मला स्फोट आता जरा तिरके ऐकू येतात. पण माझे कान धड आहेत, मेंदू उरलेलं भरून काढतो. बाबांना ती सोय नाही. आणि मधला स्पीकर थिएटरात काय काम करतो ते पाहा. कडेच्या खुर्चीवरच्यालाही बोलणं पडद्यातूनच ऐकू यावं, हा त्याचा मोठा फायदा. १९४० साली डिस्नेच्या 'फँटासिया'साठी बनवलेल्या यंत्रणेतही पडद्यामागे डावा, मधला आणि उजवा असे तीन वेगळे आवाज होते. थिएटर कधीच एका खुर्चीसाठी नव्हतं, मग घरात का असावं?

त्या रात्री बाबा सिनेमाला बसले. जादू वगैरे झाली नाही, चार-पाचदा "काय म्हणाला?" झालंच. पण शेवटपर्यंत बसले, आणि नंतर हिरोच्या मूर्खपणावर आमच्याशी वाद घातला. वाद घालायला आधी संवाद कळावे लागतात!

असो. तुमच्याकडेही कुणी "तुम्ही बघा" म्हणून आत जात असेल, तर नवा साउंडबार शोधण्याआधी मधला स्पीकर कुठे कोंबलाय ते एकदा बघा. एक सुट्टी पुरते.